जहाज वस्तीला नाही

भाचा न्यू जर्सीहून जहाजानं येतोय, ही बातमी आमच्या घरात पसरली ती अर्धवटच. त्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं की दुबईहून सिंगापूरला जाणारं एक क्रूझ जहाज जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस मुंबईला लागणार आहे, त्यात तो, भाचेसून आणि दोन मुलं आहेत, तर 'जमलं तर भेटू'. यातलं 'जमलं तर' आईला कुणी वाचून दाखवलं नाही. तिला एवढंच कळलं की नातू येतोय. तिनं त्याच संध्याकाळी ताट पुढ्यात घेऊन मासवडीचे तीळ निवडायला सुरुवात केली. जहाज यायला तेव्हा सात आठवडे होते.

मुंबईला येतोय म्हणजे जुन्नरला येणारच, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. लंडनहून मुंबईत उतरलेला माणूस जुन्नरला न येता परत गेला, तर तो आला होता असं आम्ही धरतच नाही. राहता राहिला प्रश्न वेळेचा. त्यासाठी अण्णांना बोलावलं.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. उभी हयात एसटीत गेली. शेवटची काही वर्षं नारायणगावच्या स्टँडवर कंट्रोलर होते, त्यामुळे थोडा वेळ थांबणाऱ्या गाडीबद्दल पंचक्रोशीत त्यांच्याइतका अधिकार कुणाचा नाही. 'गाडी दहा मिनिटं थांबेल' या वाक्यावर विश्वास ठेवून मिसळ मागवणारी माणसं त्यांनी हजारोंनी पाहिलेली. तोंडात पाव, हातात सुट्टे पैसे आणि मागून 'अहो थांबवा' असा टाहो, हे दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

"लागतं कधी?" अण्णांनी वही उघडली.

"सकाळी सातला."

"सुटतं?"

"संध्याकाळी सहाला."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे वस्तीला नाही."

"नाही."

"मग कशाला थांबतं?"

अण्णांच्या हिशेबात गाड्या दोनच प्रकारच्या. एक वस्तीची, म्हणजे रात्री शेवटच्या गावात मुक्काम करून पहाटे पहिली फेरी घेऊन निघणारी. हिला इज्जत असते. ड्रायव्हर-कंडक्टरला गावात चहा मिळतो, कुणी भाजी-भाकरी आणून देतं. दुसरी येऊन लगेच जाणारी. अठरा मजल्यांचं, आत पोहण्याचे तलाव असलेलं जहाज या दुसऱ्या प्रकारात निघाल्यामुळे त्याच्याविषयीचा त्यांचा आदर तिथल्या तिथे निम्म्यावर आला.

तरी त्यांनी वेळापत्रक मांडलं. जहाज सातला धक्क्याला लागलं तरी माणूस सातला बाहेर पडत नाही. शिक्के, तपासणी, रांग. साडेआठ धरा. संध्याकाळी सहाला सुटणार असलं तरी शेवटच्या माणसानं पाचपर्यंत आत यायचं, असं भाच्यानं कळवलेलं. उरले साडेआठ तास. मुंबई बंदर ते जुन्नर, कल्याण-मुरबाड-माळशेज मार्गे, दीडशेच्या वर किलोमीटर. कल्याणच्या आसपास जो काही वेळ जातो त्याला अण्णा 'विधिलिखित' म्हणतात. तो धरून जाताना चार तास, येताना चार तास.

"साडेबाराला जुन्नर. एकला जुन्नर सोडायचं," अण्णांनी रेघ ओढली. "अर्धा तास."

खरं तर इथेच विषय संपायला हवा होता. पण अर्धा तास म्हणजे शून्य नव्हे. अर्ध्या तासाचा मालक कोण, यावरून पुढचे पाच आठवडे घरात जे झालं, ते बाजार समितीच्या निवडणुकीतही होत नाही.

माझी मागणी साधी होती. शिवनेरी. जुन्नरला येऊन शिवनेरी न बघता गेला तर शिवजयंतीला तोंड कुठे दाखवायचं? अण्णा म्हणाले, सात दरवाजे आहेत, अर्ध्या तासात तिसऱ्यापर्यंत जाईल, मग तिथून परत. चुलतभाऊ ओझरचा, त्यानं विघ्नेश्वराचं दर्शन लावून धरलं. त्याच्या बायकोचं म्हणणं की अष्टविनायकातले दोन आपल्या तालुक्यात असताना एकच करून पाठवणं बरं दिसत नाही, तेव्हा लेण्याद्रीही हवं. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. "मुलं तरणी आहेत, पळत जातील," ती म्हणाली. स्वतः तिनं गेल्या खेपेला डोली केली होती.

मग थोरल्या वहिनींनी तोंड उघडलं. वहिनींचं माहेर घोडेगाव. "सगळं जुन्नरच दाखवा. आंबेगाव तालुक्यात काही नाहीच ना." हे वाक्य आमच्या घरात चाळीस वर्षं दर सणाला होतं आणि त्याला उत्तर नाही. भीमाशंकर घ्या, त्या म्हणाल्या. बारा ज्योतिर्लिंगांतलं एक. पोरं एवढ्या लांबून येणार आणि आमच्या दारावरून जाणारा रस्ता बघणारसुद्धा नाहीत. मी आपला बरं वाटावं म्हणून म्हटलं, निदान आंबेगाव गाव तरी दाखवू. वहिनींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याला त्याचं नाव राहिलंय, कचेरी घोडेगावात, आणि मूळ गाव बघायचं तर उन्हाळ्यात पाणी खाली जायची वाट बघायची. "बघा की," त्या म्हणाल्या, "तुमचा भाचा जहाज घेऊनच येतोय."

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. अशा वेळी माणसानं गप्प बसावं, पण सवय. मी 'मुंबई बंदर दौरा' या आमच्या एकतीस जणांच्या ग्रुपवर एक मोठा मजकूर टाकला. मुद्दा असा की बंदराला जहाज लावून जुन्नरला धावती भेट देण्याचा प्रयत्न माझ्या भाच्यानं पहिल्यांदा केलेला नाही. दोन हजार वर्षं लोक करताहेत आणि अर्ध्या तासात एकाचंही आटोपलेलं नाही.

सातवाहनांच्या काळात सोपारा आणि कल्याण ही बंदरं भरात होती. तिथे उतरलेला माल आणि माणसं नाणेघाट चढून जुन्नरला येत. घाटाच्या तोंडाशी लेण्यात नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख आहे आणि बाहेर तो दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. जुन्नरच्या आजूबाजूच्या डोंगरांतल्या लेण्यांवर तीन यवनांची नावं कोरलेली आहेत. यवन म्हणजे ग्रीक म्हणा, नाहीतर त्या बाजूचे पश्चिमेकडचे लोक म्हणा. एकाचं नाव इरिल. त्यानं पाण्याची दोन टाकी दान दिली. दुसरा चिट. त्यानं भोजनमंडप दिला. तिसरा चंद, त्याचंही दान आहे. आता विचार करा. परमुलखातून आलेला माणूस इथे आला आणि जाताना काय बांधून गेला? जेवायची जागा. यावरून आमच्या गावात पाहुण्याचा वेळ तेव्हाही कुठे जात होता ते दिसतं. जेवल्याशिवाय सोडलं नसणार, आणि पंगतीला जागा कमी पडली असणार.

या मजकुरावर एकतीसपैकी चार जणांनी नमस्काराचे हात टाकले. एकानं 'सर ग्रेट'.

पण माझा खरा माणूस पुढचा. अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेरचा व्यापारी. पंधराव्या शतकात, वास्को द गामा यायच्या आधी पंचवीस-तीस वर्षं, हा गृहस्थ चौलच्या बंदराला उतरला. तिथून निघाला तो जुन्नरला. त्यानं आपल्या प्रवासाची टिपणं ठेवली आहेत, 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावानं ती प्रसिद्ध आहेत, आणि त्यात वाटेचे दिवस दिलेत. पालीपर्यंत आठ, तिथून उमरीपर्यंत दहा, तिथून जुन्नरपर्यंत सहा. एकूण चोवीस. अण्णांनी हे ऐकून विचारलं, "मध्ये कुठं कुठं थांबे होते?"

बरं, आला. आला तो नेमका पावसाळ्यात. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्यानं वैतागून लिहिलंय, आणि आमच्याकडचा आषाढ ज्यानं पाहिलाय तो त्याला खोटं पाडणार नाही. दोन महिने अडकला. बरोबर विकायला एक घोडा आणला होता, त्यावर शंभर रुबल खर्च झालेले. गावचा सुभेदार असद खान. त्याला कळलं की हा मुसलमान नाही. त्यानं घोडा ठेवून घेतला आणि सांगितलं, आमच्या धर्मात ये, घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही गेला आणि तुझ्याकडूनच हजार घेईन. चार दिवसांची मुदत. निकितिन रडकुंडीला आला. अखेर खुरासानचा मोहम्मद नावाचा एक मोठा माणूस गावात आला, त्यानं खानाकडे रदबदली केली आणि घोडा सुटला. ओळखीचा माणूस मध्ये पडल्याशिवाय कचेरीतलं काम होत नाही, याची जुन्नर तालुक्यातली इतकी जुनी नोंद माझ्या वाचनात दुसरी नाही.

त्याच्यावर 1957 साली 'परदेसी' नावाचा हिंदी-रशियन सिनेमा निघाला, रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आमच्या गावानं त्याला घोड्यापायी घाम फोडला आणि रेवदंडेकरांनी त्याला खांब उभारला.

आईला ही गोष्ट मी जेवताना सांगितली. ती सगळं नीट ऐकून म्हणाली, "दोन महिने राहिला, मग जेवायला कुणाकडं होता?"

इकडे भाच्यानं, आमचा गोंधळ त्याच्या कानावर गेल्यावर, फार नम्रपणे एक यादी पाठवली. जहाजवाल्यांच्या स्वतःच्या सहली असतात म्हणे. पैसे भरले की बस दारात. गेटवे, मणिभवन, घारापुरीची लेणी, धोबीघाट. या सहलीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपल्या आपण भटकायला गेलेल्यांसाठी मात्र थांबत नाही, त्यांनी पुढचं बंदर, म्हणजे कोची, स्वतःच्या पैशानं गाठायचं.

"म्हणजे कंडक्टरच्या ओळखीचा असला की थांबवतात," अण्णा म्हणाले. त्यांना जहाज पहिल्यांदाच जरा जवळचं वाटलं. "आणि सुटताना डबल बेल कोण देतं?"

यादीतल्या धोबीघाटावरून मात्र घरात संतापाची लाट आली. लोकांची धुणी बघायला माणूस सात समुद्र ओलांडून येतो आणि त्याचे पैसे भरतो! वहिनी म्हणाल्या, धुणंच बघायचं तर आमच्या घोड नदीवर ये म्हणावं, फुकट बघ. घारापुरीवर मी आक्षेप घेतला. लेणी हवीत तर जुन्नरभोवती शेकड्यानं आहेत. मुंबईला जाऊन एक बेट बघायचं आणि या डोंगरांकडे पाठ फिरवायची, याला काय म्हणावं?

माझा पुतण्या ट्रेकर. पाठीला सॅक लावून नाणेघाट वर्षातून सहा वेळा करतो. त्यानं तोडगा काढला. गाडीनं माळशेज फिरून यायचंच कशाला? वैशाखऱ्याला उतरवा, जुन्या वाटेनं नाणेघाट चढवू, वर आपण गाडी घेऊन उभे राहू. सातवाहनांची वाट, फोटोही भारी येतील. अण्णांनी विचारलं, चढायला किती वेळ? दोन-तीन तास. उतरायला? "उतरायचं कशाला," पुतण्या म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

निर्णय आईनं घेतला. तिचं वय शहाऐंशी. इतके आठवडे ती तीळ, खसखस, खोबरं यांच्या डब्यांमागून सगळं ऐकत होती. एका रात्री ती म्हणाली, "त्याला यायला सवड नाही ना? मग आपण जाऊ. बंदर काय पळून जातंय?"

"बंदर नाही आई, जहाज पळतं," अण्णा म्हणाले. पण वही त्यांनी मिटली होती.

सतरा सीटर ठरवली. पहाटे तीनला जुन्नर सोडलं. पुढच्या सीटवर अण्णा, मांडीवर वही, हातात टॉर्च. त्यांच्या मागे आई. मधल्या वाटेत तीन पातेली, भाकरीची चवड बांधलेलं धोतर, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, दोन पेट्या द्राक्षं, औक्षणाचं तबक, आणि रश्श्याची किटली, जिच्यावर पुतण्याला नेमलं होतं. माळशेजच्या वळणांवर ती किटली त्यानं लेकरासारखी छातीशी धरली होती. तरी टोकावड्याच्या आधी त्याच्या जर्किनवर मासवडीच्या रश्श्याचा नकाशा उमटलाच. वास मुंबईपर्यंत होता. तो वास घेत मागच्या सीटवर वहिनी म्हणाल्या की भीमाशंकरहून निघालो असतो तर वाटेत इतकी वळणं लागली नसती. यात तथ्य किती, यावर कुणी बोललं नाही.

आठच्या आत बॅलार्ड इस्टेटला पोचलो. जहाज इमारतींच्या वरून दिसत होतं, पांढरंफेक, गावच्या वेशीवर उभं राहून शिवनेरीचा कडा दिसावा तसं. फाटकाच्या आत अर्थातच आम्हाला सोडणार नव्हते. बाहेर फूटपाथवर सतरा माणसं ओळीनं उभी राहिली. आईला प्लॅस्टिकची खुर्ची, ती आम्ही घरूनच नेली होती. साडेआठ झाले. नऊ झाले. पावणेदहाला भाचा दिसला. गळ्यात कार्ड, डोक्यावर टोपी, मागे भाचेसून, दोन्ही हातांना मुलं.

आईनं त्यांना तिथेच थांबवलं. वेशीवरून पाहुणा तसाच आत घ्यायचा नसतो, मग वेस बॅलार्ड इस्टेटची का असेना. भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो लगेच एका कावळ्यानं उचलला. पाणी ओवाळलं. मग निरांजन. समुद्राचं वारं. काडी पेटते, विझते. तीन काड्या, पाच, सात. पुतण्यानं ओढणी धरली, चुलतभावानं छत्री. शेवटी फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं आपली टोपी काढून वाऱ्याच्या बाजूनं धरली आणि वात लागली. तो साताऱ्याकडचा निघाला. त्यालाही कुंकू लावलं.

औक्षणाला वीस मिनिटं लागली. म्हणजे जुन्नरला हे चौघं आले असते तर दहा मिनिटं शिल्लक राहिली असती, अशी अण्णांनी नोंद केली.

त्यानंतर मुंबई बघायची होती. तसं ठरलंही होतं. पण पातेली गाडीत होती, तेव्हा आधी दोन घास खाऊन घेऊ असं निघालं. एका बाजूच्या शांत गल्लीत, झाडाच्या सावलीला गाडी लावली आणि सतरा सीटरमध्ये एकवीस माणसं बसली. मासवडी कापली की आतलं काळपट सारण दिसतं, तीळ-खोबऱ्याचं. ते बघून भाच्याचा धाकटा म्हणाला की हे फिश आहे का? नाही, नुसता आकार माशाचा. आता बंदरावर येऊन माशाच्या आकाराचं बेसन खायचं, हे त्याला कसं समजावावं ते कुणालाच कळेना. त्यानं दोन खाल्ल्या. भाचेसुनेनं भाकरी कुस्करून रस्सा ओतून घेतला, तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा होता. भाचा चौथ्या भाकरीला डोळे मिटू लागला. रात्रभर जहाज हलत होतं म्हणे. मागच्या सीटवर आडवा झाला तो तसाच. मुलं आजीच्या खुर्चीभोवती. मोठी मुलगी शेंगदाण्याच्या चटणीनं डोळ्यात पाणी आणून पुन्हा चटणीच मागत होती.

धाकट्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. दगडी जुन्या इमारती, झाडं, एक हातगाडी.

"आजी, हे जुन्नर आहे का?"

"हो," आई म्हणाली.

माझ्यातला मास्तर जागा झाला होता, पण वहिनींनी माझ्या पायावर पाय दिला.

दीडला अण्णांची चुळबुळ सुरू झाली. दोनला ते उठून उभे राहिले. "चला, आटपा, गाडीची वेळ झाली." भाचा म्हणाला, मामा, पाचला जायचंय. फाटक चालत पाच मिनिटांवर. अण्णांनी ऐकून घेतलं आणि अडीचला सगळ्यांना चपला घालायला लावल्या. आयुष्यभर लोकांच्या गाड्या चुकताना पाहिलेला माणूस आपल्या भाच्याची कोचीपर्यंत फरपट होऊ देणार नव्हता. साडेतीनला आम्ही पुन्हा फाटकावर. गेटवे राहिला, मणिभवन राहिलं, धोबीघाटही. अकरा तासांच्या मुक्कामात भाच्यानं मुंबईतली एक गल्ली पाहिली, तीही निम्मी झोपेत.

मग द्राक्षांचा प्रश्न आला. दोन पेट्या खास जहाजासाठी. भाचा म्हणाला, बाहेरचं खाणं वर नेऊ देत नाहीत, फळं तर अजिबात नाही. आईला हे पटेना. एवढ्या मोठ्या जहाजाला दोन पेट्या जड होतात? तेव्हा फाटकासमोरच एक पेटी फोडली. आम्ही, भाचेसून, मुलं, तो सातारकर रक्षक, त्याचा साहेब, शेजारचे दोन टॅक्सीवाले, आणि रांगेत उभं असलेलं एक परदेशी म्हातारं जोडपं, ज्यांना आईनं मूठ मूठ दिली. म्हातारीनं थँक यू म्हटलं. आईनं तिला विचारलं, "जेवलात का?"

सहाच्या आधी भोंगा झाला. खोल, पोटात घुमणारा. अण्णांनी घड्याळ बघितलं.

"पाच मिनिटं आधी सोडली," ते म्हणाले. "आमच्याकडं याला मेमो होता."

परतीला मुरबाडपर्यंत कुणी फार बोललं नाही. आई दुसऱ्या पेटीवर हात ठेवून झोपली होती. मुरबाडला ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. चहा घ्यायचा असेल तर घ्या, म्हणाला, दहा मिनिटं थांबतो. सगळे उतरले. वडापाव निघाला, मग भजी, मग चहा दुसऱ्यांदा. वहिनींना तिथे घोडेगावची एक बाई भेटली. पन्नास मिनिटांनी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, डोकी मोजली. सोळा.

अण्णा नव्हते. पुतण्या टॉर्च घेऊन शोधायला गेला. एसटी स्टँडवर, कंट्रोलरच्या केबिनमध्ये, ते स्टुलावर बसले होते, समोर चहा, आणि तिथल्या पोराला विचारत होते की तुमच्याकडं कल्याणची शेवटची गाडी किती वाजता सोडता आणि इथून वस्तीला कुठं कुठं जातात.